बाकी

गाडी पिवळी. भाडं तीन तासांचं.
भरणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, रिनशाद,
शारजात जन्मलेला, शारजाचा नसलेला.
नोटा त्याने दोनदा मोजल्या, मी एकदा.

माझं काम गाडीबरोबर जायचं,
गाडीबरोबर परत यायचं
आणि मधल्या वेळात कुठेच नसायचं.

चावी देण्याआधी मी गाडीभोवती एक फेरा मारतो
फोन छातीशी धरून:
बंपर, चाकं, दाराची कड, आधीचा ओरखडा.
कंपनीचा नियम. चार मिनिटं, कुठे कापायचं नाही,
आवाज फक्त माझ्या श्वासाचा
आणि चपलेखाली करकरणाऱ्या वाळूचा.
असे शेकड्याने व्हिडिओ काढलेत मी.
एकालाही नाव नाही. तारीख आहे.

शूटिंग दहा नंबर इंडस्ट्रियलमध्ये,
जुन्या सुट्या भागांच्या बाजारात.
थप्पीला लावलेली दारं, पिंपात आरसे,
मेलेल्या गाड्यांचे डोळे फळीवर ओळीने.
दुकान त्याच्या बापाचं. बाप शटरपाशी,
उधारीची वही काखेत,
लाजल्यासारखा उभा, पण हलेना तिथून.

कॅमेरा मारिसेलकडे. ती म्हणाली, अंकल, फ्रेमबाहेर.
सरकलो. म्हणाली, अजून.
गिअरबॉक्सच्या ढिगापर्यंत गेलो, टोपी हातात घेतली.
अठरा वर्षं झाली इथे,
सरकायचं मला फारसं शिकवावं लागत नाही.

मग तो बोलायला लागला.
गाणं म्हणवत नाही,
भांडण म्हणावं तर समोर कोणी नव्हतं.
पत्र्यावर कोणी पिशवीभर खिळे ओतावेत
तसे शब्द.
मल्याळम मला खोलीतल्या भांड्याकुंड्यांपुरतं येतं,
अरबी पोलिसापुरतं, हिंदी सगळ्यांइतकी.
त्या सगळ्या खिळ्यांतला एकच हाताला लागला,
कारण तो माझ्याही घरात ठोकलेला होता:
बाकी.
पुन्हा आला. पुन्हा.
बापाने वही दुसऱ्या काखेत घेतली.

दाभोळच्या शाळेत गुरुजी वजाबाकी शिकवताना म्हणायचे,
पुरत नसेल तर शेजाऱ्याकडून उसने घे.
शेजारी कोण,
ते तेव्हा विचारायचं राहिलं.

आठवा टेक चालला होता आणि अजान झाली.
पोरगा मधल्या ओळीवर थांबला, तोंड उघडंच.
बापाने खोके फाडून पुठ्ठा अंथरला,
माझ्यासाठी बाजूला सरकला.
तो दिवसभरात माझ्यासाठी सरकलेला पहिला माणूस.

तीन तास संपले. काचेवर टकटक केली.
पाच मिनिटं, अंकल. मी बारा दिली.
ती कोणाची होती, माझी तर नव्हतीच.

महिना व्हायला आला, तेव्हा तहूराचा फोन:
अब्बा, गाणं आलंय. दोन मिनिटं चौदा सेकंदांवर थांबवा.
दारावर बघा, दारावर.
तो दार उघडतो, आणि त्या पिवळ्या चकाकीत
एक वाकडा माणूस, टोपी हातात,
एका पायावर भार टाकून उभा.
मागून रुकय्याचा आवाज, किती वाळलात हो.
म्हटलं, दार फुगीर असतं,
त्यात सगळेच वाळतात.

रात्री खोलीतले झोपल्यावर
त्या तारखेचा माझा व्हिडिओ काढला.
तिसऱ्या मिनिटाला, मागच्या डाव्या चाकाशी,
रिनशाद उकिडवा बसलाय.
ओठ हलताहेत, आवाज नाही,
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजतोय
आणि परत पहिल्या पेरावर येतोय.
मी त्याच्या डोक्यावरून पुढे जातो,
मला चाक बघायचं होतं.

नियम तीस दिवसांचा.
नवीन ओरखडा निघाला नाही तर पुसून टाका.
नवीन निघाला नाही.
आज एकतिसावा.

रुकय्या विचारते, बाकी काय?
काही नाही, म्हणतो,
दाराच्या कडेला एक आहे,
तो आधीचाच. लिहून घेतलाय.