प्रमाण रूप

सैंदाणे सर फळ्यावर लिहायचे
य = ३/४ क्ष − २
आणि म्हणायचे, हे असं चारचौघांत न्यायचं नाही.
परीक्षेला निघताना अपूर्णांक घरी ठेवायचा.

चाराने गुणा. दोन्ही बाजूंना, एकीलाच नाही.
मग क्ष उचला, बरोबरच्या चिन्हापलीकडे ठेवा,
ओलांडताना त्याचं चिन्ह बदलेल, बदलू द्या.
पहिल्याच पदाला वजा लागला?
मग सगळ्यांचीच चिन्हं उलटवा.
डावीकडे चलं, उजवीकडे एकटी संख्या:
३क्ष − ४य = ८.
हे प्रमाण रूप. तेल लावून भांग पाडलेलं.

मागच्या बाकावरून सुपडू म्हणाला,
"सर, माले नही समजनं.
आठलं तठे गयं का चिन्ह बदलस कसं?"
वर्ग हसला.
घरी अस्संच बोलणारा मीही हसलो.
सर म्हणाले, "नीट विचार. प्रमाण भाषेत."

सुपडू उभा राहिला. ओठ हलले.
'माले'चं मला केलं, 'नही'चं नाही केलं,
आणि तेवढ्यात प्रश्नच विसरला.

अमळनेरची ती दुपार,
शेजारच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू
खिडकीतून आत तरंगत होते.
सरांनी खडू ठेवला, हात झटकले
आणि वर्गात कधी न बोललेलं बोलले,
"दखा रे, आलेखना कागद काढा."

आधी जुनं समीकरण:
शून्याला वजा दोन, चाराला एक, आठाला चार.
मग नवं.
सुपडूची पट्टी हललीच नाही जागची.
"हाई ते तीच रेघ शे!"

आता मी धुळ्याला शिकवतो.
मुलं विचारतात, प्रमाण रूप हवंच कशाला?
सांगतो, दोन समीकरणं एकाखाली एक मांडता येतात,
क्षखाली क्ष, यखाली य,
एकातून दुसरं वजा होतं. सोयीचं असतं. खोटं नाही सांगत.

फक्त, पहिल्या रूपात उघड दिसायचं
की ही रेघ शून्याच्या दोन घरं खालून निघाली
आणि दर चार पावलांना तीन चढत आली.
नुसत्या आठाकडे बघून कुणाला कळणार?

रात्री आईचा फोन.
"जेवना का?"
"जेवनू," म्हणतो मी.
आठाला चाराने भाग जातो,
आणि शून्याखालची ती दोन घरं
जिथल्या तिथे.