अकरा सेकंद

ग्रेट बेल्टमध्ये शिरलो तेव्हा पहाटेचे दोन वाजून दहा.
पाठीवर नऊ हजार कंटेनर,
पुढे डेन्मार्कचा लांबलचक पूल.
नकाशाचा पडदा विझला.
शेजारचा, अशाच वेळेसाठी ठेवलेला दुसरा,
तोही.
मग दोन्हींवर एकच ओळ उजळली,
इतक्या अदबीनं पैसे मागणारी
की कॅप्टन द्राझेननी ती दोनदा वाचली.

कागदी नकाशे कंपनीनं मागच्याच वर्षी
रद्दीच्या भावानं उतरवून घेतलेले.
पायलट टोर्बेननं खिशातून चष्मा काढला,
दार उघडून गारठ्यात उभा राहिला
आणि बोट दाखवू लागला:
तो लाल दिवा डाव्या हाताला राहू दे.
तो पांढरा तीनदा मिचकेपर्यंत थांब.
थांब.
आता वळव.
मी कोन मोजून ओरडत होतो,
आवाज माझाच, पण कुणा पोरसवद्याचा वाटणारा.
पूल डोक्यावरून गेला. कुणी वर पाहिलं नाही.

गोथेनबर्गला ओसा आली. सोबत फक्त एक लॅपटॉप.
टेबलाखाली वाकून तिनं पेनड्राइव्ह उपसला, नखाएवढा.
"कुणाचा?"
कॅप्टननी आमच्याकडे पाहिलं, आम्ही आमच्या बुटांकडे.

अल्जेसिरासला कोबीच्या खोक्यांसोबत तो चढला होता.
जेसरेलचा मेव्हणा दुसऱ्या जहाजावर,
त्यानं सामान पुरवणाऱ्या पोराकडे ठेवलेला,
इलोइलोहून निघून तिसऱ्या हाती.
आमच्या वाट्याला नेट महिन्याला पन्नास एमबी,
त्यात बाळ मावत नाही.
त्याचा लॅपटॉप बिस्केच्या लाटांत पडून फुटला.
मध्यरात्री तो वर आला: "सर, एकदाच?"
मी म्हणालो, "लवकर."
पासवर्ड सांगावा लागला नाही,
पडद्याच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर तो होताच.
व्हिडिओ उघडलाच नाही. आम्ही दोघांनी
बॅटरीला, मेव्हण्याला, नशिबाला शिव्या घातल्या,
आणि पेनड्राइव्ह तिथंच विसरलो.

संध्याकाळी ओसा म्हणाली, एक फाइल शाबूत आहे.
"पुरावा आहे, देता येणार नाही."
पण लॅपटॉप तिनं थोडासा आमच्याकडे वळवला.
टॉवेल. एक मूठ. रडं.
जेसरेल वाकून म्हणाला, "नाक माझं नाहीये,"
आणि मग, "पुन्हा."
तिनं मान हलवली. झाकण मिटलं.

अहवालात एक रकाना रिकामा होता.
मी पेन मागून घेतलं. लिहिलं:
बारा वाजून वीस मिनिटं.
पहारा माझा.