लाल कागद

क्राइस्टचर्चच्या मधोमध तीन मजली इमारत,
पॅजेट आणि मंडळी, बटणांचे घाऊक व्यापारी.
पाटीवरची तीन अक्षरं त्या फेब्रुवारीतच खाली आली,
उरलेल्यांवर कबुतरं बसतात.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी येतो
नगरपालिकेचं पिवळं जाकीट घालून.
यादीत एकोणतीस इमारती, ही चौदावी.
कुलपं हलवून पाहायची,
वास घ्यायचा: धुराचा, मुताचा, ताज्या स्प्रे-रंगाचा.
आत कुणी झोपलेलं सापडलंच
तर नाव विचारायचं, बाकी काही नाही.
मग फॉर्मवर लिहायचं, स्थिती: जैसे थे.

कुंपण भाड्याचं. भाडं दर आठवड्याचं.
मी एकदा सहज हिशोब मांडला,
तेरा वर्षांचं कुंपण
इमारतीपेक्षा महाग पडलंय.
जाळीच्या पायाशी काँक्रीटचे ठोकळे,
त्यांवर बसून दुपारचा डबा खातात
पलीकडच्या काचेच्या बँकेतली पोरं.
एक मुलगी म्हणाली, "हे पहिल्यापासून असंच ना?"
तेव्हा ती फार तर सहा वर्षांची असेल.
हो म्हटलं. तोंडात घास असताना कशाला.

मालक वेलिंग्टनला.
विमा कंपनी म्हणते, दुरुस्त होईल.
मालकाचा इंजिनिअर म्हणतो, शक्यच नाही.
वारसावाले म्हणतात, पुढची भिंत तेवढी ठेवा,
मागे काय वाटेल ते करा.
तेमुएरा, जिन्यातली घाण उपसणारा आमचा गडी,
फावड्यावर हनुवटी टेकून म्हणाला,
"आमच्यात माणूस गेला की तीन दिवस त्याच्यापाशी बसतात.
रडतात, गातात, त्याच्या खोड्या सांगून हसतात.
मग झाकण लावतात.
तुम्ही तेरा वर्षं बसलाय,
आणि कुणी एक गाणं म्हटलेलं नाही."

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही.
दारावरचा कागद माझ्याच हातचा.
चोविसाव्या वर्षी, धक्क्यानंतर तिसऱ्या दिवशी,
जमीन अजून अधूनमधून कातडी थरथरवत होती
माशी बसलेल्या गाईसारखी.
मिसेस ऑर्मिस्टन दाराशी उभ्या होत्या, केसांत चुना.
"दोन मिनिटं. फक्त चष्मा. काउंटरवरच आहे."
मी नाही म्हटलं. नियमच होता.
कागद चिकटवला, सही केली.
त्यांनी नाक टेकेपर्यंत डोळे जवळ नेले
आणि विचारलं, "काय लिहिलंय?"
मग मीच वाचून दाखवलं.

आता आदेश आलाय. सोमवारी यंत्र येणार.
शेवटची पाहणी म्हणून आत गेलो.
काउंटर होतं, वर वीतभर विष्ठा.
हातमोजा कोपरापर्यंत घालून चाचपत राहिलो,
हाताला आली ती बटणं,
शिंपल्याची, शिंगाची, लष्करी कोटाची,
मूठ मूठ बटणं.
तेमुएरा खालून ओरडला, काय शोधतोयस?
काही नाही म्हटलं.

बाहेर येऊन कागद काढला.
लाल कधीच उडालं होतं, गुलाबी होऊन मग दुधासारखं,
आणि त्याही आधी माझी सही.
उत्तर-पश्चिमेचा कोरडा वारा सुटला होता,
हातातच त्याचे दोन तुकडे झाले.
त्याच्यामागे दाराचा मूळ रंग निघाला,
गडद हिरवा, ओला वाटावा इतका.
तेवढ्या चौकोनाला ऊन लागलं नव्हतं.

तेमुएरानं बोट फिरवून पाहिलं.
"दार काढून ठेवायचं का?"

मी म्हटलं, यादीत नाही.