त्रेचाळीस

मोजणी माझ्याकडे असते.
दानपेटीची, खुर्च्यांची, पिकनिकच्या बसमधल्या पोरांची.
म्हणून खात्रीने सांगतो :
निघताना आम्ही बेचाळीस होतो.

क्वार्टर गेटाजवळ, फेब्रुवारीतला रविवार, पहाटेचे साडेपाच.
रेव्हरंड अमोलिकांनी हँडलवर हात ठेवून प्रार्थना केली,
चाकांसाठी, गुडघ्यांसाठी,
आणि ज्यांच्या घरी आज चूल पेटणार नाही त्यांच्यासाठी.
आमेन म्हणताना कुणाची तरी घंटी वाजली.
पिवळ्या टी-शर्टांवर छापलं होतं : गरिबीकडे पाहा.
हिंजवडीच्या पोरांच्या सायकली
माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग.
माझी मात्र वडिलांची, काळी, चोवीस इंची,
दारूगोळा कारखान्याचा बिल्ला अजून मडगार्डावर.

नियम सोपा होता.
प्रत्येकाला एक प्रायोजक,
किलोमीटरला दहा रुपये.
बंडगार्डनचा पूल, खाली नदीचा तो वास,
येरवडा, विश्रांतवाडी,
थांबू तिथे पत्रकं वाटायची.
चहाच्या टपरीवर एका म्हातारीने पत्रक घेतलं,
उलटून पाहिलं, मागे कोरं होतं,
म्हणाली, आणखी चार द्या, नातवाला गणितं करायला होतील.

परतताना कल्याणीनगरच्या चौकात
पोलिसाने आमच्यासाठी गाड्या थांबवल्या.
केळी वाटायला थांबलो तेव्हा मी मोजलं.
त्रेचाळीस.
पुन्हा मोजलं. त्रेचाळीस.
हरवलेलं एक शोधायला आम्हाला लहानपणीच शिकवलंय,
जास्तीचं एक निघालं तर काय करायचं
ते कुणी सांगितलं नव्हतं.

तो मध्यभागी होता. निळा वॉचमनचा स्वेटर,
कॅरियरला ट्यूबच्या तुकड्याने बांधलेला डबा.
हातात आमचंच केळं.
म्हणाला, नाईट सुटली साहेब.
चौकात सगळे थांबले होते, मी पण घुसलो.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
माझ्यासाठी गाड्या थांबल्या.

वही उघडली. नाव?
लिंबाजी सोळुंके.
प्रायोजक?
तो शब्द त्याला दोनदा सांगावा लागला.
तुम्ही सायकल चालवता त्याचे पैसे कोण देतं?
तो हसला. कुणी नाही.
बसचे वाचतात तेवढे माझेच.
किती किलोमीटर?
रोज जाऊन-येऊन चौदा.

सोबतच आला. क्वार्टर गेटपर्यंत सगळ्या चढांवर
त्या गिअरवाल्यांच्या पुढे.
फोटोत आहे तो, डावीकडून सहावा, डोळे मिटलेले.
मग म्हणाला, चला, आलं घर.
आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीला वळसा घालून
काशेवाडीच्या बोळात शिरला.
ज्या भिंतीवर दर नाताळाला
आम्ही तारा लावतो.

दुपारी जेवण झाल्यावर हिशेबाला बसलो.
बेचाळीस जण, बावीस किलोमीटर, दहा रुपये :
नऊ हजार दोनशे चाळीस. जुळलं.
मग, सवय वाईट,
वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने मांडलं :
चौदा किलोमीटर, वर्षाचे साडेतीनशे दिवस धरून, अकरा वर्षं.
आमच्याच दराने
पाच लाख एकोणचाळीस हजार.
बायको म्हणाली, कुणाचं देणं आहे एवढं?
मी खोडरबर शोधत राहिलो.

कमिटीने अहवालात बेचाळीस लिहिलं.
सहीसाठी माझ्याकडे आला,
आठवडाभर टेबलावर पडून राहिला.

पुढच्या रविवारी उपासनेआधी फाटक उघडायला गेलो,
साडेसात वाजत आले होते.
भिंतीपलीकडे फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली.
कुणीतरी बोळातून सायकल
हाताने ढकलत नेत होतं, अगदी हळू,
पोरं झोपलेली असतात म्हणून असेल.
मी कुलूप हातात धरून
टिकटिक मोजायला लागलो.