पाठ

आउने आत्याला तो फोटो सापडला
शिवणाच्या डब्यात, बटणांच्या तळाशी.
फोटोत वेइक्को आतोबांची पाठ.
नुसती पाठ.
सॉनातून बाहेर येऊन पायरीवर बसलेत,
खांद्यांवरून वाफ निघतेय,
समोर तळं, अजून न गोठलेलं.
डाव्या खांद्याखाली बर्चचं एक पान चिकटलंय.
ते नंतर मीच काढलं, आत्या म्हणते.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, त्या दिवशी
तिने तो फोटो टाकला. खाली लिहिलं:
तापली आहे, ये.
ते तिला नावाने हाक मारत नसत.
शनिवारी अंगणातून एवढंच ओरडत.

सहा मिनिटांत गेला.
नग्नता, म्हणे.
आत्याने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि मला विचारलं, "कुणाची?"

मी अपील केलं. तसं एक बटण असतं.
तुमचं म्हणणं आम्ही काळजीपूर्वक तपासलं,
असं उत्तर आलं
चार सेकंदांत.
चार सेकंदांत आत्याला खुर्चीतून उठताही येत नाही.

पण बाई हट्टी.
दुसऱ्या दिवशी तिने पाठीवर टपालाचं तिकीट चिकटवलं,
हंसाचं, कमरेच्या जरा वर,
आणि फोटो पुन्हा चढवला.
हंसासकट गेला.
मग रागारागाने तिने सरपणाचा फोटो टाकला,
साल काढलेला बर्च, भिंतीला लावून रचलेला.
तोही गेला.
त्या गोऱ्या गुळगुळीत ओंडक्यांत
कुणाला काय दिसलं असेल, यावर आम्ही दोघं
कॉफी गार होईपर्यंत हसलो.

हसणं तेवढंच.
त्याच आठवड्यात कुणी एक,
नाव खोटं, तोंडाच्या जागी मोटार,
तिच्या जुन्या फोटोखाली लिहून गेला,
की या म्हातारीची सॉना
तिला आत कोंडून पेटवली पाहिजे.
तिचा गुन्हा असा, की गावात नव्याने आलेल्या
दोन सोमाली पोरींना आणि त्यांच्या आईला
तिने शनिवारी सॉनाला बोलावलं होतं.
मी तक्रार केली.
उत्तर: हे आमच्या नियमांत बसतं.
सॉना पेटवायची, म्हणजे
यंत्राला वाटलं असेल, शनिवारचंच काम.
यंत्र नसेल तर
कुठे तरी, कुठल्या तरी खोलीत, एक माणूस,
दिवसाचे हजार फोटो, जेवायला वीस मिनिटं.
त्याच्यावर धड रागावताही येत नाही मला.

आणि ताम्पेरेत तिच्या नणंदेने
तोच फोटो टाकलाय.
पाठ तीच, पानही तेच.
तो अजून आहे. बासष्ट बदाम.
"तिच्या भिंतीवर भाऊ,
आणि माझ्या भिंतीवर नागडा माणूस?"
मी काय सांगणार?
चोर सोडून संन्याशाला फाशी दिली
त्या राजाला निदान दरबार होता,
जाऊन दार ठोठावता येत होतं.

गुरुवारी फोटो पर्समध्ये घालून
आत्या आर्मासच्या दुकानात गेली.
तीन वाजले होते, म्हणजे बाहेर रात्र.
दाराशी फळा आहे:
सरपण विकणे आहे, दातांच्या डॉक्टरची तारीख,
हरवलेलं मांजर, करडं, मुस्ती नावाचं.
तिने मधोमध टाचणी मारली.

आर्मास काउंटरमागून आला,
हात एप्रनला पुसले,
बराच वेळ बघत राहिला.
आणि फोटो काढला.
मी म्हटलं, झालं. हासुद्धा.

त्याने तो चार बोटं डावीकडे लावला.
"मांजर झाकलं जात होतं," म्हणाला,
"अजून सापडलं नाही ते."
मग परत वळून,
"आउने, पान चिकटलंय बघ. खांद्याला."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली.