जागा शिल्लक नाही

कुताइसीच्या बाजारात, जिन्याखालच्या खोपटात
काचा, चार्जर, झाकणं विकतो मी,
आणि कोणी न विचारता सल्ले.
सल्ले फुकट.

त्सिआलाबाई समोरच सुलगुनी चीज विकतात.
खाऱ्या पाण्यानं सुरकुतलेली बोटं
एप्रनला दोनदा पुसून त्यांनी फोन पुढे केला.
"ओतारचा होता. आता माझा.
यात काय काय घालता येतं सांग. पण उपयोगाचं."

मग काय, सुटली माझी जीभ.

हे बघा, आधी हे उधारीचं.
कोण "शनिवारी देतो" म्हणतो
आणि कुठला शनिवार ते सांगत नाही,
सगळं मांडून ठेवतं,
वर महिन्याअखेर गोड शब्दांत आठवणही करतं.
"गोड कशाला?" बाई म्हणाल्या.

हे भाषांतराचं.
लेक तुमची तिकडे बारीला एका आजारी बाईंचं करते ना,
त्या बाईंनाच थेट विचारा, माझी पोर नीट जेवते का.
तुम्ही आपल्या भाषेत बोला, तिकडे इटालियन पोचेल.
चुकतं कधी कधी. आमच्या गोचानं सासऱ्याला
लग्नाचं अभिनंदन धाडलं, तिकडे सांत्वन उमटलं.
सासऱ्याला तेच जास्त पटलं.

हे पानाच्या फोटोवरून झाड ओळखणारं.
अळंब्याही ओळखतं म्हणे,
तेवढं मात्र ऐकू नका.
त्याचं चुकलं तर मरायचं आपण.

हे नार्दीचं. फासे तोच टाकतो, सोंगट्या तोच सरकवतो,
आणि हरला तरी
तुमच्या दिरासारखा पट उधळत नाही.

हे ताऱ्यांचं. वीज गेली की फोन आभाळाकडे धरायचा,
ज्याच्या त्याच्या जागी नावं उमटतात.
कामाचं नाही, कबूल.
पण वीज गेल्यावर तसं काय काम असतं?

पावलं मोजणारं घेऊ नका.
तुमची पावलं मला इथून दिसतात.

"घाल," त्या म्हणाल्या, "ते सांत्वनाचं सोडून सगळं."
मी बोट टेकवलं.
जागा शिल्लक नाही.

शोधलं. फोटो अकराच,
त्यातले नऊ एकाच तेंदूच्या झाडाचे.
मग सापडलं: झोपेचं एक,
घोरणं टिपून ठेवणारं.
तीनशे बारा रात्री.

"हे काढलं की मोकळं होईल," मी म्हणालो.
"आधी लाव."

लावलं.
चढावर दम लागलेला जुना ट्रक,
पहिल्या गियरमध्ये.
लसूण विकणारी त्सिरा हातातली जुडी ठेवून बघायला लागली.
"ओतारकाका जोरात घोरायचे," मी म्हणालो.

"तो नाही. मी आहे ती."
बाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.
"बावीस वर्षं सांगत होते, मी घोरत नाही.
पुरावा गोळा करत होता, मेला."

आणि शब्द तोंडातून गेल्यावर
त्या थांबल्या.

ट्रक वळणावर पोचला.
मध्येच अगदी जवळून, कुजबुजता पुरुषी आवाज:
"ऐका. सुरू झाली."
रजई ओढल्याची सळसळ.
दुसरी कुठली तरी रात्र, तोच आवाज:
"आज कमी आहे. सर्दी उतरली वाटतं."

समोरून गिऱ्हाईकानं हाक मारली.
"अठरा लारी किलो!" बाई तिथूनच ओरडल्या,
मान न वळवता,
"घासाघीस नाही!"

मग मला म्हणाल्या,
"उधारी माझ्या डोक्यात आहे.
याला जास्तीची जागा मिळते का कुठे?"

मेमरी कार्ड घातलं. रात्री तिकडे हलवल्या,
एकेक, मोजून.
पैसे घेतले नाहीत, चीजची चकती घेतली.
उरलेल्या जागेत ताऱ्यांचं बसलं.

फोन देताना सवयीनं बोलून गेलो,
"ते झोपेचं रात्री बंद ठेवत जा,
बॅटरी खातं."

"राहू दे चालू.
त्याचं खरं होतं की माझं,
अजून ठरायचंय."