दहा रिकाम्या ओळी

फॉर्मवर दहा ओळी सोडल्या होत्या, टिंबाटिंबांच्या.
वर छापलेलं : आपलं शैक्षणिक तत्त्वज्ञान.
खाली सही, तारीख, शाळेचा शिक्का.

सप्टेंबरात मी त्या एका बैठकीत भरून टाकल्या.
नारीनच्या कॉलेजातली वही होतीच समोर :
सर्वांगीण, बालकेंद्री, आनंददायी,
शब्द कसे इस्त्रीचे, घडीही न मोडलेले.
शारशेन अगायांनी वाचलं, चष्मा कपाळावर ढकलला.
"छान," म्हणाले. "शेगडी कोण पेटवणार?"

आठला तास, म्हणजे सातला कोळसा.
हे त्या वहीत कुठेच नव्हतं.
पहिला महिनाभर मुलं धुरात खोकत पाढे म्हणत राहिली
आणि मी फळ्यावर वळणदार अक्षर काढत.
एकदा, मंगळवारी देते म्हटलेल्या वह्या
शुक्रवारी दिल्या.
कुणी चकार शब्द काढला नाही.
पुढच्या खेपेला जिपारने फक्त विचारलं,
"एजेके, मंगळवार कुठला? आमचा की तुमचा?"
मी हसले.
रात्री ते वाक्य दातात अडकून राहिलं
मांसाच्या तंतूसारखं.

मग जानेवारी. उणे अठ्ठावीस.
तिलेकची वही उघडली तर अक्षर त्याचं नव्हतं.
ओळ सोडून घसरलेलं, भलतीकडे झुकलेलं,
वाऱ्याने कलंडलेल्या कुंपणासारखं.
मी वही वर्गासमोर उंच धरली.
"कुणी लिहून दिलं? बहिणीनं?"
माझा तो आवाज मला आवडला, खोटं कशाला बोलू.
शिक्षकासारखा वाटला.
तो उभा राहिला, उजव्या हातात लोकरी मोजा तसाच.
वर्ग हसला.
मी हसू दिला.

दुपारी कोळशाची बादली त्याने डाव्या हाताने उचलली.
म्हटलं, मोजा काढ.
दोन बोटं काळीनिळी,
त्यांवर मेंढीच्या चरबीचा थर.
घोडी घळीत घसरली होती,
बापाबरोबर रात्रभर दोर धरून होता.
"आणि घोडी?" मला दुसरं काही सुचेना.
"वाचली," म्हणाला, आणि तेवढ्यापुरता खुलला.

शारशेन अगाय गोठलेल्या नळावर गरम पाणी ओतत होते.
मी विचारलं, बाजूला घेऊन बोलू त्याच्याशी?
की घरी जाऊन येऊ?
"वही कुठे धरली होतीस?"
"उंच."
"मग?"
नळ खाकरला, गंजकं पाणी आलं,
ते किटली घेऊन आत गेले.

दुसऱ्या दिवशी तीच वही, तेवढीच उंच.
हात मात्र कालचा नव्हता, थरथरत होता.
"हे अक्षर तिलेकचंच आहे. डाव्या हाताचं.
मी न विचारताच त्याला खोटा ठरवलं. चुकले."
आभाळ काही कोसळलं नाही.
दरारा गेला असेल तर, ज्याची कॉलेजात इतकी भीती घातली होती,
जाताना मला तरी दिसला नाही.
मागच्या बाकावर बेकसुलतानचं
पेन्सिलीला टोक काढणं तेवढं थांबलं.
तिलेक म्हणाला, "शेगडीत कोळसा टाकू?"

मार्चपर्यंत बोटं बरी झाली.
तो अजून डाव्यानेच लिहितो. सवय लागली, म्हणतो.
मला वाटतं, मुद्दाम.
विचारलेलं नाही.

मे महिन्यात तपासणीचे साहेब आले, नवा फॉर्म घेऊन.
मुलांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर,
वरच्या कुरणांकडे निघायचे दिवस जवळ आलेले.
मी लिहिलं : सातला कोळसा.
त्याखाली : मंगळवार म्हणजे मंगळवार.
तिसरी ओळ लिहिली, ती फार गोळीबंद झाली,
खोडली.
"बाकीच्या?" साहेबांनी विचारलं.
म्हटलं, राहू द्यात. लागतील.
त्यांनी घड्याळ पाहिलं, शिक्का मारला,
थोडी शाई रिकाम्या टिंबांवर उतरली.

चौथीच्या वह्या माझ्या पिशवीत होत्या, एकोणीस.
त्या दिवशी सोमवार होता.